एक्केचाळीस वर्षांचा हट्ट

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर महिन्याला एक प्रश्न हमखास येतो: ‘तारीख सरकली का?’ नवख्याला वाटावं, कोर्टाची तारीख असेल. ती असते ग्रीन कार्डाच्या रांगेची. अमेरिकेचं परराष्ट्र खातं महिन्याच्या महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात मोजक्या देशांना स्वतंत्र रकाने असतात आणि त्यातला एक भारताचा. दहा-बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांची पाळी आत्ता कुठे येते आहे. या रांगेचा एक नियम ऐकणाऱ्याला आधी विनोद वाटतो. तुमचा पासपोर्ट कुठला, हे ती विचारत नाही. तुम्ही जन्मलात कुठे, एवढंच विचारते. बाप पुण्याचा, आई सांगलीची, शाळा डोंबिवलीत, पण बाळंतपण दुबईत झालं असेल तर तुम्ही भारताच्या रकान्यात नाही. नवराबायकोतल्या एकाचा जन्म असा बाहेरचा निघाला तर त्याच्या आधाराने दुसऱ्यालाही लांब रांगेतून बाहेर पडता येतं. आईवडिलांनी मस्कतला काढलेली चार वर्षं जावयाच्या उपयोगी पडतात ती अशी.

हा नियम आजच्या रूपात आला तो १९६५ च्या हार्ट-सेलर कायद्यातून. नावातले हार्ट म्हणजे मिशिगनचे सेनेटर फिलिप हार्ट. सेलर म्हणजे इमॅन्युएल सेलर, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून निवडून येणारे प्रतिनिधिगृहाचे सदस्य. १९२३ ते १९७३ अशी सलग पन्नास वर्षं ते तिथे बसले. आज अमेरिकेत पन्नास लाखांच्या घरात भारतीय वंशाचे लोक आहेत, त्यातल्या बहुतेकांचं तिथलं असणं या कायद्याशी जोडलेलं आहे. तरी सेलर हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत नसतं, आणि तिथल्या आपल्या माणसांनाही क्वचितच.

ज्यांना माहीत असतं त्यांच्यात दोन पक्ष आहेत. एक कृतज्ञांचा: सेलर थोर, त्यांनी आपल्यासाठी दार उघडलं. दुसरा अमेरिकेतल्या स्थलांतरविरोधकांचा: सेलर लबाड, देशाचा चेहरा बदलणारा कायदा त्यांनी ‘काही बदलणार नाही’ असं सांगून गळी उतरवला. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघांचा सगळा भर त्या माणसाच्या मनात काय होतं यावर आहे. कायदेमंडळातल्या माणसाच्या मनाशी आपल्याला फारसं कर्तव्य नसावं. सेलरांनी दार उघडलं, हेच मुळी नीटसं खरं नाही. दारावर एक पाटी होती: ‘कुठे जन्मलात ते आधी सांगा’. ती त्यांना डोळ्यांत खुपायची. पहिल्याच कारकिर्दीत ते तिच्यावर तुटून पडले आणि ती बरीचशी निघायला एक्केचाळीस वर्षं गेली. बरीचशी म्हणतो, कारण एक तुकडा राहिला आणि तोच आज दर महिन्याला बुलेटिनमध्ये छापून येतो.

सेलर १८८८ साली ब्रुकलिनमध्ये जन्मले. घराणं जर्मनीतून आलेल्या ज्यूंचं. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता आणि घराच्या तळघरातच व्हिस्कीचा हौद होता. धंदा बुडाला तेव्हा वडील दारोदार वाइन विकू लागले. मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच आधी वडील गेले, मागोमाग काही महिन्यांत आई. मग वाइनची ती फेरी मुलाने चालवली: सकाळी कॉलेज, नंतर गिऱ्हाइकं. १९१२ मध्ये त्यांनी कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठात बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर दाखल झाले. एका वर्षाने चुकामूक झाली. भेट झाली असती तरी इतिहासात काही फरक पडला नसता, पण माणसाच्या जन्मावरून त्याची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आयुष्यभर कज्जा मांडणारे दोन वकील मॉर्निंगसाइड हाइट्सच्या त्याच पायऱ्या चढले होते, हे मनातून जात नाही.

१९२२ ची निवडणूक सेलर जिंकले ती मुख्यतः दारूबंदीला विरोध करून. तळघरातला हौद असा कामी आला म्हणायचं. मुदत ४ मार्च १९२३ ला सुरू झाली. बरोबर तेरा दिवस आधी, १९ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल दिला होता. थिंड पंजाबातले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला मिळे. थिंड यांचं म्हणणं, आपण आर्य, म्हणून गोरे. कोर्ट म्हणालं, वंशशास्त्र काय सांगतं ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. थिंड यांच्या बाजूचा वकील होता सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच मराठी कान टवकारतात. पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते. निकालानंतर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. ते लढले आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले. बाकीच्यांचं नशीब तसं नव्हतं. सान फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई नागरिकत्व गेल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या करून मोकळे झाले.

सेलर वॉशिंग्टनला पोचले ती हवा अशी होती. प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर समितीचे अध्यक्ष होते वॉशिंग्टन राज्यातले आल्बर्ट जॉन्सन. समितीने ‘सुप्रजननशास्त्राचा तज्ज्ञ’ म्हणून हॅरी लाफलिन नावाचे गृहस्थ नेमले होते. कुठल्या देशाचं रक्त कसं, हे ते तक्ते काढून समितीला समजावत. त्यातून १९२४ चा जॉन्सन-रीड कायदा आला. प्रत्येक देशातून दरसाल किती माणसं घ्यायची याचा कोटा ठरला: त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते त्यांच्या दोन टक्के. गोम होती ती ‘कधी होते’ यात. ताजी जनगणना १९२० ची हाताशी असताना कायद्याने १८९० ची धरली, कारण इटालियन, पोलिश, रशियन ज्यू यांचे मोठे लोंढे १८९० नंतरचे. पहिल्या महायुद्धाआधी काही वर्षं दरसाल दोन लाखांहून जास्त इटालियन येत होते. नव्या हिशेबाने इटलीच्या वाट्याला आले ३,८४५. जर्मनीला ५१,२२७. आशियाला तर हिशेबाचीही तसदी नव्हती. जे नागरिक होऊ शकत नाहीत त्यांनी यायचंच नाही, असं एक कलम घातलं की काम भागलं, आणि नागरिक कोण होऊ शकत नाही ते थिंड खटल्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

सभागृहात हे विधेयक ३२३ विरुद्ध ७१ मतांनी पास झालं. त्या ७१ मध्ये पहिल्यांदाच निवडून आलेले सेलर होते आणि त्यांचं पहिलं मोठं भाषण याच विधेयकाविरुद्ध होतं. १८९० चं साल का निवडलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सेलरांनी ते उभं राहून बोलून दाखवलं. भाषणाने एक मत हललं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर क्लिप व्हायरल झाली असती आणि माणूस पुढच्या विषयाकडे वळला असता.

सेलर वळले नाहीत, आणि मला या कारकिर्दीत सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर हेच. पुढची बावीस वर्षं त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. मधली काही वर्षं तर वाईटाहून वाईट होती. हिटलरच्या काळात युरोपातले ज्यू अमेरिकी वकिलातींच्या दारात उभे होते आणि कोटा आडवा येत होता. कोटा होता तिथेही परराष्ट्र खात्याचे अधिकारी कागदांत खोट काढून तो पुरा भरू देत नव्हते. यांचा व्हिसा हाती पडेपर्यंत अर्जदाराचं प्रेत झालेलं असतं, या अर्थाचं सेलर १९४३ मध्ये जाहीरपणे बोलले. रूझवेल्ट त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष, सेलर त्यांचे समर्थक. तरी त्यांचा शब्द पुरला नाही. हे त्यांच्या चरित्रातलं अपयशच आहे. चिकाटीचं कौतुक करताना मधल्या वर्षांत कोण मेलं हे झाकता येत नाही.

युद्धानेच पहिली फट पाडली. जपानविरुद्ध चीन आपला मित्र, मग चिनी माणसाला बंदी कशी? १९४३ मध्ये चीनवरची बंदी उठली आणि वर्षाला १०५ जणांचा कोटा मिळाला. मग भारताची पाळी. भारतीय सैनिक दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत होते. न्यूयॉर्कमधले व्यापारी जे. जे. सिंग इंडिया लीगच्या नावाने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. त्यांना दोन माणसं भेटली: कनेटिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि ब्रुकलिनचे डेमोक्रॅट सेलर. लूस-सेलर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २ जुलै १९४६ ला सही केली. भारताला कोटा मिळाला वर्षाला १०० माणसांचा.

चाळीस कोटींच्या देशाला शंभर! या आकड्याची थट्टा झाली, आजही होते. मला ती थट्टा उथळ वाटते. शंभर हा आकडा नगण्य होता, कायद्याचं दुसरं कलम नव्हतं. त्या कलमाने भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकतो असं म्हटलं. थिंड खटल्याचा निकाल २३ वर्षांनी निरर्थक ठरला तो तिथे. जे काही हजार भारतीय तिथे आधीपासून शेती, मजुरी, दुकानदारी करत होते त्यांना जमीन स्वतःच्या नावावर करता येऊ लागली, मत देता येऊ लागलं. कॅलिफोर्नियात शेती करणारे गणिताचे डॉक्टर दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये निवडणूक जिंकून त्याच प्रतिनिधिगृहात सेलरांचे सहकारी म्हणून बसले. दार शंभर माणसांचं असेल, पण आत आलेला माणूस आता पाहुणा नव्हता.

इथे अमेरिकी संसदेच्या कामाची रीत समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढची गोष्ट कळत नाही. तिथे विधेयकाचं जगणं-मरणं सभागृहात ठरत नाही, समितीत ठरतं. समितीच्या अध्यक्षाने विधेयक सुनावणीला घेतलंच नाही तर ते खणात पडून राहतं आणि दोन वर्षांनी त्या काँग्रेसबरोबर, म्हणजे संसदेच्या त्या मुदतीबरोबर, आपोआप संपतं. अध्यक्ष कोण, तर तेव्हाच्या रीतीने बहुमतवाल्या पक्षाचा त्या समितीतला सर्वांत जुना सदस्य. गुणवत्ता, लोकप्रियता, कशाचा संबंध नव्हता. एसटीच्या रांगेसारखं: जो आधी उभा, तो आधी चढणार. १९४६ च्या फेररचनेत जुनी स्थलांतर समिती बरखास्त होऊन तो विषय न्यायव्यवहार समितीकडे आला, जिथे सेलर आधीपासून बसलेले होते. १९४९ मध्ये त्यांची पाळी आली. मधली दोन वर्षं रिपब्लिकन बहुमताची सोडली तर १९७३ पर्यंत ते त्या खुर्चीवरून उठले नाहीत.

खुर्ची मिळाली म्हणून कोटा गेला का? नाही. समितीच्या पोटात उपसमित्या असतात, आणि स्थलांतराची उपसमिती होती पेन्सिल्व्हेनियाचे फ्रान्सिस वॉल्टर यांच्या मुठीत. वॉल्टर कोट्याचे कट्टर पाठीराखे. १९५२ मध्ये त्यांनी सेनेटर मॅकॅरन यांच्याबरोबर जुनाच कोटा नव्याने लिहून घेतला. ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तोही धुडकावला. सेलर समितीचे अध्यक्ष, विरोधक, आणि कायदा झाला त्यांच्याच समितीतून. वॉल्टर १९६३ च्या मे महिन्यात वारले. जुलैमध्ये केनेडी यांनी कोटा रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला आणि सभागृहात तो सेलरांनी मांडला. लोकशाहीत सुधारणा कधीकधी एखाद्याच्या मृत्यूची वाट पाहत थांबलेली असते, हे बोलायला बरं दिसत नाही. पण झालं तसंच.

दरम्यान सेलर बाकी गोष्टी करत होते आणि त्या लहान नव्हत्या. बड्या कंपन्यांनी छोट्या गिळू नयेत म्हणून १९१४ चा एक कायदा होता. त्यात शेअर विकत घेण्याला बंदी होती, पण सगळी मालमत्ताच विकत घेतली तर चालत होतं. वर्षानुवर्षं कंपन्या त्या भोकातून ये-जा करत होत्या. १९५० मध्ये सेनेटर केफॉव्हर यांच्यासह सेलरांनी ते बुजवलं. १९५७, १९६०, १९६४ चे नागरी हक्कांचे कायदे आणि १९६५ चा मतदान हक्काचा कायदा, चारही त्यांच्या समितीतून गेले. १९६४ च्या विधेयकासाठी ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅकलक यांच्याशी त्यांनी केलेली जुळवाजुळव हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. समितीतून ते बाहेर आलं आणि नियम समितीचे, म्हणजे कुठलं विधेयक सभागृहापुढे जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीचे, अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ यांच्यापुढे अडकलं. स्मिथ व्हर्जिनियाचे, वर्णभेदाचे जुने रखवालदार. समितीची बैठकच बोलवायची नाही, ही त्यांची युक्ती. १९५७ मध्ये असंच एक विधेयक अडकलं असताना ते कोठार जळालं म्हणून गावी निघून गेले होते. विधेयक अडवायला स्मिथ वाटेल ते करतील पण कोठार जाळण्याची मजल गाठतील असं वाटलं नव्हतं, असा टोमणा सभापती रेबर्न यांच्या नावावर सांगितला जातो. १९६४ मध्ये मात्र लोकमत इतकं तापलं होतं की स्मिथ यांना हात काढून घ्यावा लागला. १० फेब्रुवारीला विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी पास झालं.

स्मिथ यांचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा. खुर्चीवर बसून विधेयक अडवणारा म्हातारा म्हणून आपण त्यांना हसतो. तीच खुर्ची सेलरांकडेही होती.

आता १९६५. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन प्रचंड बहुमताने निवडून आलेले, काँग्रेस त्यांच्या खिशात, आणि शीतयुद्धात आफ्रिका-आशियातल्या नव्या देशांसमोर वंशाच्या कोट्याची लाज वाटू लागलेली. तरी वॉल्टर यांच्या जागी आलेले मायकेल फीगन सहजी वळणारे नव्हते. मूळ मसुद्यात कौशल्य असलेल्यांना अग्रक्रम होता. फीगन म्हणाले, आधी नातेवाईक. त्यांचा हिशेब साधा होता: अमेरिकेत आज आहेत ते गोरे, म्हणजे त्यांचे नातेवाईक गोरेच असणार. कोटा नावापुरता जाईल आणि काम तेच होईल. सेलरांनी हे मान्य केलं. सभागृहात शंका विचारली गेली तेव्हा त्यांनी फीगन यांचाच हिशेब पुढे केला: आशिया-आफ्रिकेच्या लोकांचे इथे नातलग फार नाहीत, म्हणजे तिकडून येणारे तुलनेने थोडेच. २५ ऑगस्टला ३१८ विरुद्ध ९५ मतांनी विधेयक पार पडलं. ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही करताना जॉन्सन म्हणाले, हा काही क्रांतिकारक कायदा नाही.

‘फसवलं’ म्हणणाऱ्यांचा सगळा आधार या वाक्यांवर आहे. सेलर खोटं बोलले का? माझं मत, ते चुकले, आणि ती चूक त्यांना सोयीची होती म्हणून त्यांनी ती फार तपासली नाही. राजकारणात हे रोज घडतं. पण कायदा म्हणजे त्याच्यावरची भाषणं नव्हेत. मजकूर सगळ्यांसमोर छापलेला होता: राष्ट्रीय मूळ पाहून कोटा नाही, पूर्व गोलार्धाला मिळून वर्षाला १,७०,०००, कुठल्याही एका देशाला २०,००० पेक्षा जास्त नाही, नागरिकांचे जोडीदार, आईवडील आणि लहान मुलं या मर्यादेच्या बाहेर. आणि व्यावसायिकांसाठी एक छोटा दरवाजा उरलाच. भारताला शंभरऐवजी वीस हजार जागा मोकळ्या आहेत हे तिसरीतल्या मुलालाही वाचता आलं असतं. न वाचणाऱ्यांची फसवणूक झाली असेल तर दोष वाचनाचा.

फीगन यांचा हिशेब कुणी मोडला? युरोपने. युद्धानंतर सावरलेल्या युरोपातून फारसं कुणी यायला तयार नव्हतं. आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांनी. १९६८ पासून कायदा पुरा लागू झाला आणि रिझर्व्ह बँकेने दिलेले आठ डॉलर खिशात घालून मुंबईहून विमानात बसलेली पिढी त्या छोट्या दरवाजातून गेली. त्यांचे तिथे कुणी नातलग नव्हते, हे सेलरांचं म्हणणं खरंच होतं. पाच-सात वर्षांत ते स्वतःच नातलग झाले. मग भाऊ आला, भावाची बायको, तिचे आईवडील. गोऱ्यांना टिकवण्यासाठी घातलेलं कलम आपल्या एकत्र कुटुंबाला अंगरख्यासारखं बसलं. १९६० मध्ये भारतात जन्मलेले जेमतेम बारा हजार लोक अमेरिकेत होते. १९८१ पर्यंत नुसती मराठी मंडळंच इतकी झाली होती की त्यांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ काढावं लागलं.

कृतज्ञतेचा सूर लावण्याआधी या कायद्याची दुसरी बाजूही पाहावी. पश्चिम गोलार्धावर तोवर आकड्याची मर्यादा नव्हती. १९६५ मध्ये तडजोड म्हणून १,२०,००० ची घातली गेली. त्याआधीच्याच वर्षी मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणण्याची योजना बंद झाली होती. शेतं तीच, मजूर तेच, वाटही तीच. फक्त कालपर्यंत कायदेशीर असलेला माणूस आज बेकायदा ठरला. आपल्या डॉक्टरकाकांना हिरवं कार्ड मिळालं त्याच कायद्याने मेक्सिकोच्या मजुराचं कार्ड गेलं. तिथली आपली मंडळी ‘आम्ही रीतसर आलो, ते घुसून आले’ असं म्हणतात तेव्हा ही एक तारीख त्यांच्या कानावर घालायला हवी.

आणि आता हट्टाची काळी बाजू. स्त्रियांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती काँग्रेसपुढे १९२३ पासून, म्हणजे सेलरांच्याच पहिल्या वर्षापासून, पडून होती. ती न्यायव्यवहार समितीच्या अखत्यारीत. सेलर अध्यक्ष असताना वीस वर्षांहून अधिक काळ तिची सुनावणी झाली नाही. त्यांच्याकडे कारण नव्हतं असं नाही: कारखान्यात बायकांना संरक्षण देणारे कायदे समानतेच्या नावाखाली जातील, अशी त्या वेळी कामगार संघटनांनाही भीती होती. पण तेवढंच नव्हतं. १९६४ च्या विधेयकात स्मिथ यांनी नोकरीतल्या भेदभावाच्या यादीत ‘लिंग’ हा शब्द घालायची दुरुस्ती आणली तेव्हा सेलरांनी तिची चेष्टा केली. म्हणाले: आमच्या घरात शेवटचे दोन शब्द नेहमी माझेच असतात, ‘हो, प्रिये’. सभागृह हसलं. सभागृहाच्या सदस्य मार्था ग्रिफिथ्स हसल्या नाहीत. आपण दुय्यम आहोत याला पुरावा हवा होता तर तो या हशाने दिला, असं त्यांनी सुनावलं. दुरुस्ती पास झाली. १९७० मध्ये ग्रिफिथ्स यांनीच सह्या गोळा करून घटनादुरुस्ती सेलरांच्या खणातून बाहेर ओढली आणि सभागृहाने ती उचलून धरली, विरोधात पडली अवघी १५ मतं. १९२४ मध्ये ७१ मधला एक असलेला माणूस इथे १५ मधला एक होता. अल्पमतात उभं राहणं हा स्वतःहून काही गुण नाही.

कुणी म्हणेल, ८० च्या पुढच्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा? मला हे वयाचं प्रकरण वाटत नाही. हा खुर्चीचा स्वभाव आहे. जी पद्धत सेलरांना ४१ वर्षं वाट पाहू देते तीच त्यांना वीस वर्षं दुसऱ्यांना वाट पाहायला लावू देते. अशा खुर्चीवर बसलेल्याला कुणी प्रश्न विचारत नाही. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या वकिली कचेरीला दोन दारं होती. सरकारशी संबंध असलेल्या अशिलांसाठी वेगळं, ज्यावर सेलरांचं नाव नसे. आत खोल्या त्याच. टीका झाली, दारं राहिली.

शेवट ब्रुकलिनच्या मतदारांनी केला. जून १९७२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत तिशीतली एक वकील बाई, एलिझाबेथ होल्ट्झमन, त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. वॉशिंग्टन स्मारकाला दात कोरायची काडी पाडू बघते आहे, असं सेलर म्हणाल्याचं प्रसिद्ध झालं. समान हक्कांची अडवलेली दुरुस्ती हा तिच्या प्रचारातला मोठा मुद्दा होता. काडी जेमतेम सहाशे मतांनी जिंकली. दोन वर्षांनी निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची चौकशी त्याच समितीत झाली तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत पीटर रोडिनो होते आणि सदस्यांत होल्ट्झमन. त्याच दशकात डेमोक्रॅटिक पक्षाने समित्यांचे अध्यक्ष गुप्त मतदानाने ठरवायला सुरुवात केली आणि ज्येष्ठतेची रांग मोडली. मला ती मोडली ते बरंच वाटतं. पण आजच्या वॉशिंग्टनकडे पाहिलं की दुसरी गोष्टही दिसते: पहिल्या भाषणात हरलेला विषय चाळीस वर्षं जवळ बाळगून बसणारा माणूस तिथे आता सापडत नाही, कारण तसं बसून काही मिळेल अशी जागाच उरलेली नाही. दोन्ही वाक्यं मला खरी वाटतात आणि त्यांची वजाबाकी मला जमलेली नाही.

राहिला तो तुकडा. एका देशाला २०,००० ही मर्यादा १९६५ मध्ये न्याय म्हणूनच लिहिली गेली: ब्रिटनला जास्त, इटलीला कमी, असं नको, सगळ्यांना सारखं. पण देशांना सारखं वागवणं आणि माणसांना सारखं वागवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तीन-चार लाखांच्या आइसलंडला जेवढी कमाल मर्यादा तेवढीच भारताला, म्हणजे आइसलंडच्या माणसाला रांगच नाही आणि भारतातल्या माणसाची रांग दशकांची. १९९० च्या कायद्याने ही मर्यादा एकूण जागांच्या सात टक्के अशी लिहिली. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यात बायकामुलंही मोजलेली. त्याचे सात टक्के म्हणजे ९,८००. तिसऱ्या वर्षी पुण्याहून नेलेलं मूल एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून गळतं आणि त्याला ज्या देशाचं काही आठवत नाही तिथे परत जाण्याची तयारी करावी लागते.

यावर आपल्या लोकांचा युक्तिवाद असतो की आम्ही कर भरतो, हुशार आहोत, कायद्याने आलो. हा दुबळा युक्तिवाद आहे. हुशारीचे तक्ते लाफलिनही काढत होते. सेलरांनी १९२४ मध्ये इटालियन हुशार असतात असं सिद्ध करत बसायची गरज नव्हती. त्यांचा मुद्दा असा होता की माणूस कुठे जन्मला हा प्रश्न कायद्याने विचारायचाच नाही. तोच मुद्दा आज बुलेटिनमधल्या रकान्याला लागू आहे, आणि तो लावायचा तर मेक्सिको, फिलिपिन्स, चीन यांच्या रकान्यांनाही लावावा लागेल. नुसता आपला रकाना पुसा म्हणून चालणार नाही.

जुलै २०१९ मध्ये नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. डिसेंबर २०२० मध्ये सेनेटने त्याचं बदललेलं रूप मंजूर केलं. दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आत जानेवारी उजाडला, ती काँग्रेस संपली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. ते ज्या न्यायव्यवहार समितीच्या अखत्यारीतलं, तिथे एकेकाळी सेलर बसत.